राई ते रान : शेकरूची तुटलेली वाट जोडतानाच्या नोंदी

भीमाशंकर अभयारण्याच्या पूर्व अंगाला, आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या वाडीत, शेकरूला (झाडावरच राहणारी मोठी खार) राईतून रानात झाडांवरूनच जाता यावं म्हणून चाललेल्या कामाच्या या नोंदी. आसपासच्या गावांत कुणी असं काम काढणार असेल तर त्यांचे पैसे आणि त्याहून जास्त त्यांचा वेळ वाचावा, म्हणून लिहून ठेवतोय. वाडीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. घरटी कुठं आहेत हे सगळ्या जगाला कळायची गरज नाही.

४ डिसेंबर २०२२

आज नाना, धाकटे काका आणि मी दोरी घेऊन पट्टा मोजला. एका बाजूला भैरवनाथाची राई (देवराई), दुसऱ्या बाजूला डोंगराकडचं रान. मधे तीन घरांची मालकी जमीन आणि त्यातून गेलेली बैलगाडीची वाट. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाच्या आधी या मालकीत हिरडा, जांभूळ आणि एक जुना आंबा असा सलग पट्टा होता. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून आमच्यावरून गेलं. दोन जांभळं आणि आंबा उन्मळून पडला, हिरड्याची कितीतरी झाडं मोडली. राहिलेल्यांतली काही नंतर कवळासाठी (शेतात भाजायच्या पाल्याच्या फांद्यांसाठी) इतकी छाटली गेली की नुसती खोडं उभी आहेत.

एका अरुंद जागी राईच्या शेवटच्या फांदीपासून पलीकडच्या पहिल्या फांदीपर्यंत ४६ फूट भरलं. शेकरू फार तर सहा मीटर, म्हणजे वीसेक फूट झेपावतं. ते एरवी जमिनीवर उतरत नाही. खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं सगळं वरच. इथं मात्र उतरावं लागतं, आणि वाडीत कुत्री आहेत.

११ डिसेंबर २०२२

सकाळी गाडीवाटेवर कुत्र्यांनी एक शेकरू मारलं. थोरल्या काकूंनी हुसकावलं, पण तोवर संपलं होतं. वनरक्षकांना कळवलं, ते येऊन पंचनामा करून गेले. तोवर मी शेजारी बसून होतो. इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. पाठ दाट तांबूस तपकिरी, पोट पिवळसर पांढरं, शेपूट अंगापेक्षा लांब आणि टोकाला फिकी. पुढच्या पंजाची आतली गादी चांगली रुंद, नखं वाकडी आणि दणकट. सगळा पंजा फांदी धरण्यासाठी घडलेला. जमिनीवर पळायला तो काही कामाचा नाही.

संध्याकाळी देवळापुढं लोक जमले. कुणाला सांगावं लागलं नाही. "राज्यप्राणी म्हणून बोर्ड लावलेत घाटात, आणि इथं कुत्री खातात," असं एक जण म्हणाला. काम करायचं ठरलं ते त्या दिवशी.

८ जानेवारी २०२३

आधी घरटी मोजायची होती. शाळेतली पोरं, दोन हिरडा झोडणारे गडी आणि मी. पहिल्या फेरीचा हिशोब फेकून द्यावा लागला. राईत दोन वाटा आहेत आणि दोन्हीकडून दिसणारं एकच घरटं पोरांनी दोनदा मांडलं होतं. शिवाय घारीची आणि कावळ्याची घरटीही त्यात आली होती.

मग असं केलं. झाडाला काही न लावता बुंध्याशी एक दगड ठेवायचा आणि गेरूने त्यावर आकडा टाकायचा. राईतल्या झाडाला रंग लावलेला म्हाताऱ्यांना चालत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. खालून मान मोडून बघण्यापेक्षा समोरच्या टेपावर (उंचवट्यावर) बसून दुर्बिणीने बघायचं. अंजनी आणि जांभळाचा शेंडा खालून नुसता काळा दिसतो, टेपावरून आतलं दिसतं.

ओळखायची खूण: शेकरूचं घरटं गोल, मोठ्या फुटबॉलहून मोठं, पानांसकट तोडलेल्या डहाळ्यांचं. बारीक फांद्यांच्या बेचक्यात, जिथं जड जनावर पोचणार नाही तिथं. कावळ्याचं घरटं वरून उघडं आणि काटक्यांचं असतं. नवीन घरट्यात पानं हिरवी किंवा तपकिरी पण घट्ट असतात, जुनं पोकळ होऊन लोंबतं. नवं आणि जुनं वेगवेगळं लिहा. एक शेकरू आपल्या हद्दीत अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटी दिसली तेवढी शेकरं आहेत असं कुणी समजू नये. आमच्याकडच्या काही जणांनी तसा हिशोब करून "भरपूर आहेत की" म्हणायला सुरुवात केली होती.

घरट्याला हात लावायचा नाही, त्यावर चढायचं नाही, खाली पडलेलं पिल्लू घरी आणायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ पोरांना त्याच्या नावानिशी सांगितला. वनविभागाला फोन करायचा, बस.

राईत नवी घरटी आहेत. पलीकडच्या रानातही आहेत. मधल्या पट्ट्यात एकच, तेही जुनं.

१२ फेब्रुवारी २०२३

कवळतोडीची बैठक. हीच खरी अवघड बाब, दोर-बांबू त्यामानाने सोपं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, झाडाच्या पानांसकट फांद्या म्हणजे कवळ, गवत आणि वरून माती असे थर देऊन उन्हाळ्यात ते भाजतात. हा राब. त्यानं तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं, रोप जोमानं येतं. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं काम आहे आणि त्याला कारण आहे. बाहेरून येऊन "झाडं तोडू नका" म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, ऐकूही नये.

काकू म्हणाल्या, "कवळाचा भारा डोक्यावर आम्ही आणतो. लांबून आणायला लागणार नसेल तर जवळची झाडं कशाला सोडू?" मालकी जमिनीचे तिघे म्हणाले, वादळात हिरडा गेला, त्याची भरपाई मिळवायला आंदोलनं करावी लागतायत, आणि आता उरलेल्या झाडांनाही हात लावायचा नाही म्हणता? बाळहिरड्यावर (हिरड्याची कोवळी वाळवलेली फळं) इथल्या घरांचं उन्हाळ्याचं बरंच भागतं. हे डावलून शेकरूचं काही होणार नाही हे त्या दिवशी सगळ्यांना नीट कळलं.

ठरलं ते असं. दोन घरं रोपाच्या अर्ध्या जागेवर राब भाजणार नाहीत. तिथं भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतली भाताच्या तुसाची काळी राख मातीत मिसळणार. बांधावर गिरिपुष्प लावायचं, पुढं त्याचा पाला शेतात वापरता येईल. आणि मधल्या पट्ट्यापुरता एक नियम: जिथं एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाला टेकते किंवा टेकायला आलीय, ती फांदी तोडायची नाही. बाकीची तोडा. पूर्ण बंदी मागितली असती तर बैठक तिथंच मोडली असती.

१९ मार्च २०२३

पहिला दोर बांधला. तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावरून झाडांना जोडणारे पूल बांधलेत, ते डोक्यात होतं. आम्ही नारळाच्या काथ्याचा जाड दोर घेतला. प्लास्टिक नको, असा विचार होता.

राईच्या झाडाला खिळा मारायचा नाही ही नानांची अट. त्यामुळे सायकलच्या जुन्या ट्यूब फांदीला गुंडाळून त्यावरून फास घेतला. ही गोष्ट सगळ्यांनी करावी, राई असो वा नसो. साल कापली जात नाही आणि दोरही घासत नाही.

चढायला हिरडा झोडणारा गडी. तो रोज चढतो म्हणून त्याला कंबरपट्टा नको होता. तरी घ्यायला लावला, कंबरपट्टा आणि दोन हुक मिळून १,८०० रुपये. काथ्याचा दोर २,४०० रुपये. दोन गड्यांची मजुरी प्रत्येकी ५००. पलीकडचं टोक वनखात्याच्या हद्दीतल्या झाडावर येत असल्याने लेखी परवानगी लागते. परवानगीला वेळ लागतो, तो धरूनच काम आखा. आम्ही तात्पुरतं पलीकडचं टोक मालकीतल्या शेवटच्या हिरड्याला बांधलं.

७ मे २०२३

दोरावर शेकरू नाही. वानरं मात्र पहिल्याच आठवड्यात आली, लोंबकळली, आणि दोर मधे पाच-सहा फूट खाली आला. अंजनीला निळा बहर येऊन गेला, उंबर पिकलेत, राईत शेकराचा खर्रर्र आवाज रोज येतो. राईच्या कडेपर्यंत येतं, दोराच्या टोकाशी बसतं आणि परत जातं. नाना दोन सकाळी तिथं बसून बघत होते. त्यांचं म्हणणं, एकटा दोर वाऱ्यानं हलतो, पायाखाली रुंद काही लागत नाही, म्हणून ते पुढं टाकत नाही. मला ते पटलं. वेलीवरून जाताना बघितलंय, पण गारंबीची वेल मांडीएवढी असते आणि तिला खालूनवरून फाटे असतात.

२३ जुलै २०२३

काथ्याचा दोर कुजून तुटला. इथं पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि चार महिने काही वाळत नाही. घाटमाथ्यावर काथ्या, सुतळी, ताग असलं काही वापरू नका. पैसे गेलेच, पण एक आख्खा हंगाम वाया गेला याचं जास्त वाईट वाटतं.

याच आठवड्यात झाडं लावली. गाडीवाटेच्या दोन्ही अंगाला जांभूळ, हिरडा, आंबा, आणि उंबराचे मेढे. रोपं वनखात्याच्या रोपवाटिकेतून आणली, उंबर राईच्या बाहेरच्या झाडाच्या फांद्यांचा.

२९ ऑक्टोबर २०२३

लावलेल्यातलं बरंच शेळ्यांनी खाल्लं. दसऱ्याच्या सुमारास गवत वाळायला लागलं की गुरं मोकळी सुटतात, हे आम्हाला माहीत असून कुंपण पावसाळ्यातच करायला हवं होतं. आता कारवीच्या काठ्यांचे गोल कुड केलेत, प्रत्येक रोपाला एक. कारवी फुकट, पण तोडून, वाहून, विणून एका माणसाचा दिवस चार-पाच रोपांतच जातो. बायकांनी पाळीपाळीने केलं. उंबराचे मेढे बरेच फुटलेत. जांभूळ सावलीत तग धरून आहे. आंब्याचं एकच रोप राहिलं.

कुत्र्यांचं: ज्या दोन घरांची कुत्री वाटेवर बसतात ती आता सकाळी ऊन चढेपर्यंत बांधलेली असतात. शेकरू खाणं शोधत जास्त हिंडतं ते सकाळी आणि उतरत्या दुपारी. दुपारचं अजून जमलेलं नाही.

१७ डिसेंबर २०२३

दुसरा पूल. या वेळी शिडीसारखा: दोन समांतर दोर, मधे बांबूच्या आडव्या पट्ट्या, त्यांच्यावर अग्निशमनाचा जुना कापडी पाइप उभा चिरून अंथरलेला. पाइप भंगारवाल्याकडे मिळाला, ३५ रुपये किलो. दोर या वेळी सोळा मिलिमीटर जाडीचा पॉलिप्रॉपिलीनचा, एकूण ४,६०० रुपये.

बांबूबद्दल सविस्तर लिहितो, कारण पहिल्या पट्ट्या महिनाभरातच भुंग्याने पोखरून पिठूळ झाल्या. पावसाच्या शेवटी घाईत तोडलेला कोवळा बांबू होता तो. धाकटे काका म्हणाले ते करायला हवं होतं: तीन वर्षांच्या पुढचा, थंडीत तोडलेला बांबू घ्यायचा, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात तीनेक आठवडे बुडवून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा. पाण्यात त्याच्यातली साखर-पीठ निघून जातं आणि भुंगा लागत नाही. आता वापरलेला बांबू असा काढलेला आहे. पट्ट्यांना भोकं पाडू नका, भोकापासून चिरतो. खाच करून बांधा.

वनखात्याची लेखी परवानगी आली होती, त्यामुळे पलीकडचं टोक आता रानातल्या जांभळाला. वनरक्षक दोन दिवस बरोबर होते, त्यांनीच झाड निवडून दिलं. ताण देण्यासाठी एका टोकाला ढिला करता येईल असा फास ठेवलाय. झाड वाऱ्यात हलतं, दोन्ही टोकं घट्ट आवळली तर दोर नाहीतर फांदी, एक काहीतरी जातंच.

२१ जानेवारी २०२४

कॅमेरा लावला. पुण्यातल्या एका निसर्गप्रेमी बाईंनी त्यांचा जुना दिला, नवा घ्यायचा तर दहा हजारांच्या आसपास जातात. वाऱ्यानं पानं हलली तरी फोटो निघतो, पहिलं कार्ड नुसत्या पानांनी भरलं. समोरची डहाळी बाजूला बांधली आणि कॅमेरा पुलाच्या रेषेत, टोकाकडून आत बघणारा असा फिरवला. आडवा लावला तर जनावर डोळ्याचं पातं लवेपर्यंत निघून जातं.

१० मार्च २०२४

रात्री उदमांजर येतंय, जवळजवळ रोज. दिवसा साधी खार, वानरांची टोळी. वानरांनी पाइपचं एक टोक ओढून काढलं, ते पुन्हा बांधलं. या वेळी पूल खाली आला नाही.

आणि शेकरू. पहिल्या फोटोत ते राईच्या टोकाला, पुढचे दोन्ही पाय पाइपवर, मागचे अजून फांदीवर, शेपूट खाली सरळ लोंबत. पुढच्या फोटोत पाइपच्या मधोमध, अंग ताणून चपटं, शेपूट आता मागे आडवी. त्यानंतरच्या फोटोत मोकळा पूल. वेळ सकाळची सात वाजून अकरा मिनिटं. कार्ड नानांच्या ओट्यावर मोबाइलला जोडून बघितलं तेव्हा पंधरा-वीस जण वाकून बघत होते. काकूंनी तीन वेळा मागे घ्यायला लावलं. गडी म्हणाला, "मी बांधलेली गाठ दिसतीय बघा तिथं."

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. पूल तयार होऊन दीड-दोन महिने ते त्यावर आलं नव्हतं. जानेवारीत आम्ही राईच्या टोकाला पुलावर गारंबीची एक जिवंत वेल वळवून घेतली होती. तिची पानं पुलाच्या पहिल्या चार हातांवर पसरल्यावरच शेकरू आलं. कारण तेच असेल असं ठामपणे सांगणार नाही, पण दुसऱ्या टोकालाही वेल वळवलीय.

९ जून २०२४

गेल्या हंगामाच्या राबाचा हिशोब. तुसाच्या राखेवरचं रोप दोन्ही घरांत उंचीला राबाच्या रोपाएवढंच होतं आणि उपटायला सोपं गेलं, मुळं तुटली नाहीत. पण तण जास्त आलं, कारण माती भाजलेली नव्हती. निंदायला दोन बायांचा एकेक दिवस जास्त लागला. एक घर म्हणतं यापुढे सगळं रोप असंच टाकू. दुसरं म्हणतं अर्धंच, आणि बाकीच्या राबाला कवळाऐवजी पेंढा आणि गवत वापरू. दोघांचंही ठीक आहे. कवळाचे भारे कमी झाले हे दोघंही सांगतात, आणि ते वाहणाऱ्या काकूंनी ते सगळ्यांत आधी सांगितलं.

टेकलेल्या फांदीचा नियम तिघांपैकी दोघांनी पाळला. तिसऱ्याच्या रानातली एक जांभळाची फांदी तुटली. भांडण केलं नाही. नाना त्याला घेऊन टेपावर गेले आणि वरून दाखवलं की त्या फांदीमुळे मधे केवढी फट पडलीय. खालून त्याला ते कधी दिसलंच नव्हतं. मला वाटतं बैठकीच्या आधीच सगळ्यांना टेपावर न्यायला हवं. पुढच्या वाडीत काम करताना सुरुवात तिथूनच करू.

२४ नोव्हेंबर २०२४

पावसाळ्यानंतरची तपासणी. पॉलिप्रॉपिलीनचा दोर उन्हानं वरून खरखरीत झालाय, धागे सुटतायत, अजून एक वर्ष निघेल असं वाटतं. त्यानंतर बदलावा लागणार, म्हणून आतापासून दर घरामागे वीस रुपये महिना जमा करतोय. राईकडचा फास फांदी जाड झाल्यानं रुतायला आला होता, सैल केला. हे वर्षातून दोनदा करावंच लागेल, नाहीतर आपणच झाड मारू.

मधल्या पट्ट्यात उंबर दोन पुरुष उंच झालेत. मधल्या हिरड्यावर एक नवं घरटं आहे, पानं अजून हिरवी. कुत्र्यांनी यंदा शेकरू मारल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही.

आतापर्यंतचा रोख खर्च, वाया गेलेलं धरून, एकोणीस हजारांच्या थोडा वर. त्यात बायकांची कुडाची मेहनत आणि नानांच्या सकाळी धरलेल्या नाहीत.

राहिलेली कामं: गाडीवाटेच्या खालच्या वळणावर तीस फुटांची दुसरी फट आहे, तिथं पूल नको, दोन उंबर आणि एक जांभूळ पुरेल असं काकांचं मत आहे. मधल्या तीनपैकी एक जमीन विकायचं घरात बोलणं चाललंय. घेणारा बाहेरचा असेल तर टेकलेल्या फांदीचा नियम त्याला कोण सांगणार, आणि तो ऐकेल का, यावर शनिवारी देवळात बसायचंय. सामूहिक वनहक्काखाली (गावाला रानावर मिळणारा कायदेशीर हक्क) काय करता येतं तेही त्या दिवशी विचारून घेऊ, पण मालकी जमिनीला ते लागू नाही हे धरूनच बोलावं लागेल. कंबरपट्ट्याचा एक हुक गंजलाय, फेब्रुवारीत कुणी चढायच्या आत नवा आणायचा.